काशीआत्याचा खांब

साईनाथनं दोन्ही कागदांवर सही केली आहे हे उघड झालं, तेव्हा त्याच्यावर रागवायला घरात कोणी मोकळं नव्हतं.

पहिल्या कागदाप्रमाणे शहापूरच्या बाजारपेठेतली हरडांची माडी पाडून तिथे ‘हरड प्लाझा’ उभा राहायचा होता. दुसऱ्या कागदाप्रमाणे तीच माडी जुन्या वास्तूंच्या यादीत जायची होती आणि मग तिला हात लावायचा तर परवानगी काढावी लागणार होती. पहिला कागद साईनाथच्या पुतण्यानं आणला होता, दुसरा मुलीनं.

“दोन्ही आपलीच पोरं,” साईनाथ म्हणाला. “कोणाला नाय म्हणू?”

हा खुलासा ऐकून घ्यायला त्याच्या थोरल्या भावाला, दामूंना, वेळ नव्हता. दाराशी धसईचा टेम्पो येऊन थांबला होता आणि त्यातून काशीआत्या उतरत होती. दामूंची थोरली बहीण, वय सत्तरीच्या पुढं, हातात पिशवी. टेम्पोच्या हौद्यात भाताचा पेंढा अंथरलेला होता. नुसता टाकलेला नाही, बाळंतिणीच्या खाटेसारखा नीट अंथरलेला.

“एवढा पेंढा कशाला गो बाय?” दामूंनी विचारलं.

“ओरखडा पडाया नको,” आत्या चपला काढत म्हणाली. “माझा खांब न्यायला आलेय.”

खांब तिचाच होता, याबद्दल घरात कधी दुमत नव्हतं. वडिलांनी, नामा हरडांनी, जायच्या आधी माडीची वाटणी केली ती खांबांवर. खोल्या मोजण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. खोली काय, मध्ये पडदा लावला की दोन होतात, असं ते म्हणत. तळमजल्यावर सागाचे नऊ खांब. पुढचे चार दामूला, मागचे चार साईनाथला, आणि मधोमधला एक काशीला, चोळीबांगडीचा. तिनं दर भाऊबीजेला धसईहून यायचं, भावांना ओवाळायचं, आणि भावांनी तिच्यादेखत तिच्या खांबाला करंजाचं तेल चोपडायचं. नामा गेले, पण हे चालू राहिलं. धसईच्या एसटीत आत्याला कोणी विचारलं, कुठं निघालात, तर ती ‘माहेरी’ म्हणत नसे. ‘खांबाला तेल लावायला’ म्हणे. अनोळखी माणसं यावर पुढं काही विचारत नसत.

वाटणीनंतर भावांनी आपापल्या खांबांची मनासारखी काळजी घेतली. दामूंचं पुढं ताडपत्री, दोर आणि छत्र्यांचं दुकान. ओल्या मालानं लाकूड भिजतं म्हणून त्यांनी चारही खांबांना कमरेपर्यंत बाथरूमच्या टाइल्स लावून घेतल्या. टाइल्सवर डॉल्फिन होते. साईनाथचा मागं फोटो स्टुडिओ. त्यानं आपले खांब जांभळे केले आणि साखरपुड्याच्या फोटोंसाठी एकाला कायमचा प्लास्टिकचा वेल गुंडाळला. मधल्या खांबाला मात्र कोणी हात लावला नव्हता. त्याला खिळा नव्हता, बटण नव्हतं, कॅलेंडर नव्हतं. बहिणीच्या हिश्शात आपण कशाला पडा, म्हणून दोघंही त्याला वळसा घालून जात. साईनाथची मुलगी नम्रता ठाण्याला आर्किटेक्चर शिकली होती. ती हा खांब दाखवून पाहुण्यांना म्हणायची की माडीत जपलेली ही एकच वस्तू आहे आणि ती जपण्याचं कारण, इथं कोणाला जपायचं सुचलं नाही, हे आहे.

आता खांबाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर लडकूशेठ बसले होते. प्लाझा तेच बांधणार होते. येताना त्यांनी प्लाझाचा फ्लेक्स आणून डॉल्फिनना टेकवून उभा केला होता. फ्लेक्समधली बाजारपेठेची गल्ली विमान उतरेल एवढी रुंद होती. समोर कारंजं होतं. जिथं भिमी ओट्यावर सुके बोंबील घेऊन बसते, बरोबर त्या जागी एक सोनेरी केसांची बाई ढकलगाडीतून बाळ नेत होती. सकाळपासून भिमी तीनदा आत येऊन तो फ्लेक्स बघून गेली होती.

“बाईला जागा आवडली असंल तर बसू दे,” ती शेवटी म्हणाली. “पन बोंबील ती इकनार का मी?”

लडकूशेठच्या कागदावर दोन सह्या बाकी होत्या, आत्याची आणि दामूंची. त्यांनी खुर्ची आत्याकडे वळवली.

“आत्या, तुमच्या खांबाला धक्का लावनार नाय. लॉबीत ठेवू. काचेत.”

“शेठ,” दामूंचा मुलगा ओमकार हळूच म्हणाला, “नकाशात तिथं लिफ्ट आहे.”

“मंग लिफ्ट खांबाच्या भोवती करू.”

“भोवती म्हणजे?”

“ते इंजिनियर बगंल. आत्या, तुमी टेन्शन घेऊ नका.”

“तेल कोन लावनार?” आत्यानं विचारलं.

“सोसायटी लावंल. वर्षाचं कंत्राट देऊ.”

आत्यानं खांबाकडे बघितलं, मग लडकूशेठकडे बघितलं. सोसायटी नावाची बाई भाऊबीजेला खांबाला तेल लावते आहे, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं आणि ते तिला पटलं नसावं.

“माडी तुमची, तुमी पाडा,” ती भावांना म्हणाली. “आठ खांब तुमचे हायेत, मी मध्ये बोलनार नाय. माझा एक हाय तो मी घेऊन जाते. अंगनात उभा करीन. भगीरथ, दोर आन रे.”

टेम्पोवाला भगीरथ दोर घेऊन आत आला आणि कुठून बांधायचा ते बघू लागला.

चूक नम्रताचीच होती. परवा फोनवर तिनंच आत्याला सांगितलं होतं, “आत्या, तुझ्या खांबावर अख्खी माडी उभी आहे. तू नाही म्हणालीस तर कोणी काही करू शकत नाही.” तिला कायद्याचं म्हणायचं होतं. आत्यानं ते जसंच्या तसं घेतलं होतं. बरं, इंजिनियरिंगच्या बाजूनंही ते खरंच होतं. नम्रतानं यादीसाठी जो अहवाल लिहिला त्यात लाल शाईनं नोंद होती: मुख्य तुळईचा भार मधल्या खांबावर.

“आत्या, काढू नको गं. माडी पडेल.”

“पडू दे. तशी पन पाडायचीच हाय ना?”

“आज नाही,” ओमकार उठून उभा राहिला. “माल आहे आत.”

“वर माझं जेवन शिजतंय,” दामूंची बायको चंद्रकला जिन्यातून म्हणाली.

“आणि माझं गिऱ्हाईक बसलंय,” साईनाथ म्हणाला. मागं स्टुडिओत एक इसम पासपोर्ट फोटोसाठी हनुवटी वर करून बसला होता. कोणी सांगितलं नव्हतं म्हणून त्यानं ती अजून खाली केली नव्हती.

ओमकार धावत नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गेला आणि ट्रकचे दोन जॅक घेऊन आला. त्याच्यामागं गॅरेजची दोन माणसं लाकडी ठोकळे घेऊन आली. तुळईच्या दोन्ही बाजूंना ठोकळे रचून जॅक लावणं सुरू झालं. ओमकार घामानं निथळत होता. ‘जरा डावीकडं, भिंतीला धक्का नको, अरे नक्षी सांभाळ’ असं ओरडत होता. तीन महिने हा मुलगा ही माडी पाडण्यासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. नम्रता त्याच्याकडे बघत राहिली. ‘नक्षी’ हा शब्द त्याच्या तोंडून तिनं जन्मात ऐकला नव्हता.

“तुझ्यासारखी चार पोरं असती,” ती म्हणाली, “तर बाजारपेठेतल्या सगळ्या माड्या वाचल्या असत्या.”

“गप गं. माझी बाईक आहे खाली.”

भगीरथनं तोवर खांबाला दोर बांधला होता आणि गाठ छान बसली होती. तो आता आत्याच्या तोंडाकडे बघत होता. आत्या खांबाकडे बघत होती.

काशीआत्याला खांब नको होता. अंगणात खांब उभा करून त्याचं करायचं काय, हा प्रश्न धसईपासून मुरबाडपर्यंत तिला पडला होता आणि तिथून शहापूरपर्यंत तिनं तो बाजूला सारला होता. तिला एवढंच ठाऊक होतं की ही माडी गेली की खांब गेला, आणि खांब गेला की भावांनी तिला बोलवायला काही उरत नाही. साईनाथ भिडस्त, तो फोन करील. दामू करणार नाही. दामूला कामाशिवाय कोणाला बोलावताच येत नाही. लहानपणीही तो ‘जेवायला ये’ असं हाक मारायचा नाही, ‘ताट थंड होतंय’ असं म्हणायचा. मग निदान खांब तरी हाताशी असावा. आणि खरं सांगायचं तर कोणीतरी मध्ये पडेल, असं तिनं धरलं होतं.

“वढ,” ती भगीरथला म्हणाली. पण हळू.

दामू मध्ये पडले. म्हणजे अक्षरशः पडले. गल्ल्यावरून उठून ते एवढ्या झटक्यात आले की त्यांना थांबता आलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि गाल लाकडाला टेकवून म्हणाले, “हा खांब हलायचा नाय.”

खांब फिरला.

पडला नाही, कलला नाही. खालच्या दगडी तळखड्यावर तो जात्यासारखा सावकाश फिरला आणि त्यानं दामूंना भिमीच्या बाजूनं उचलून लडकूशेठच्या बाजूला आणून ठेवलं. वरून लाकडाची एक पाचर सुटली. ती खुर्चीच्या हातावर आपटली आणि लडकूशेठच्या चहात पडली.

सगळ्यांनी वर बघितलं. माडी जिथल्या तिथं होती. तुळई हलली नव्हती, कौलसुद्धा वाजलं नव्हतं. ज्या खांबावर अख्खी माडी उभी होती त्या खांबाच्या डोक्यात आणि तुळईत वीतभर अंतर होतं, आणि त्या फटीतून पोटमाळ्यावरचा उजेड दिसत होता.

गॅरेजची माणसं जॅकवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

“हा कशाला टेकलेलाच नाही,” नम्रता म्हणाली. तिला आपल्या अहवालातली लाल शाई आठवत होती.

“सोडा ना आता,” लडकूशेठ चहातून पाचर काढत म्हणाले. “खांब मोकळाच हाय. दामूशेठ, घ्या सही करून.”

“सोडता येत नाय,” दामू खांबाला गच्च धरून म्हणाले. “पाचर निघाली. सोडला तर पडंल.”

त्यामुळे यापुढचं सगळं बोलणं दामूंनी खांबाला मिठी मारलेल्या अवस्थेत केलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

“कधीपासून?” आत्यानं विचारलं.

दामूंचा गाल लाकडाला चिकटला होता आणि वर्षानुवर्षांच्या करंजाच्या तेलामुळे तो हळूहळू खाली घसरत होता.

चंद्रकला जिन्यात उभी होती. हातात पळी होती. प्लाझाची सगळ्यांत जास्त घाई या घरात तिला होती. ताडपत्र्यांच्या व्यापाऱ्याची बायको असून पावसाळाभर ती गळक्या छपराखाली पातेली मांडत फिरायची, आणि हे गिऱ्हाइकांनी बोलून दाखवलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लडकूशेठनं तिला गळणार नाही असं स्वयंपाकघर कबूल केलं होतं. आता एक शब्द न बोलता ती उभी राहिली असती, तर ते तिला मिळालं असतं. आत्याचा खांब बिनकामाचा ठरला होता, आत्या रागावली असती, सही करून निघून गेली असती. चंद्रकलेला हे सगळं कळत होतं. ती तीन पायऱ्या उतरली.

“शटर बसवलं ना, तवापासून,” ती म्हणाली. “शटरला जागा पायजे म्हनून ह्यांनी वर लोखंडी गर्डर घातला. तो बगा तिकडं, माळ्याच्या फळीमागं. सगळं वजन त्याच्यावर गेलं. खांबाचं डोकं किड्यानं खाल्लं होतं, ते मिस्त्रीनं कापलं. मिस्त्री म्हनला, खांब काढून टाका, दुकान मोकळं होईल. ह्यांनी काढला नाय.”

“का?” ओमकारनं विचारलं.

“मला काय विचारतोस. मला ह्यांनी सांगितलं नाय कधी. दर भाऊबीजेच्या आदल्या दिवशी स्टुलावर चढून पाचर ठोकतात आनि मला म्हनतात, कोळीष्टकं काढतोय. घरात इतर कुठली कोळीष्टकं ह्यांना दिसत नाय, म्हनून मला कळलं.”

“म्हणजे माझ्या पाठीमागं…” साईनाथ म्हणाला. “मी एवढं तेल चोपडलं.”

“तेल लागतंच लाकडाला,” दामू म्हणाले.

आत्या उठली. खांबाजवळ गेली. दामूंचं तोंड आता तिच्या खांद्याच्या उंचीला आलं होतं.

“बिनकामाचा खांब आनि तू मला एवढी वर्षं बोलवत होतास?”

“तू खांबासाठी येतेस ना,” दामू म्हणाले. “खांब नाय म्हनलं असतं तर कशाला आली असतीस?”

“मला वाटलं, तू खांबासाठी बोलवतोस.”

स्टुडिओतून ‘खाली करू का?’ असा आवाज आला. साईनाथनं तिकडे न बघता ‘थांबा जरा’ म्हटलं.

“येडा हायेस,” आत्या म्हणाली.

“हाय,” दामू म्हणाले. “पन बाय, कोनीतरी पाचर मारा. हात गेले माझे.”

लडकूशेठनं घसा खाकरला. भावाबहिणीचं चालू असताना ते अदबीनं गप्प होते, पण त्यांना खर्डीला दुसरी साइट होती.

“तर मंग आत्या, आता काय अडचन नाय. खांबाचा प्रश्नच मिटला. तुमी सही करा, दामूशेठचे हात मोकळे झाले की ते करतील.”

“करते की,” आत्या म्हणाली. तिनं पेन घेतलं. टोपण काढलं. “दामू, फक्त सांग. माडी गेल्यावर मी यायचं कुठं?”

“वरती,” ओमकार म्हणाला. “तिसऱ्या मजल्यावर आपला फ्लॅट आहे ना आत्या. लिफ्ट आहे.”

“मी तुला नाय विचारलं बाळा. लिफ्ट तर खांबाभोवती करनार हायेत ना हे.”

दामू वर तुळईकडे बघत होते. माडीवर त्यांचं काही फार प्रेम नव्हतं. पावसाळ्यात तिला दिलेल्या शिव्या भिमीच्या पाठ होत्या. पण तुळईजवळ अजून ओमकारचे जॅक लावलेले होते, आणि ओमकार अजून एका ठोकळ्याला पाय लावून उभा होता, तो सरकू नये म्हणून.

“ओमकार.”

“काय बाबा?”

“जॅक कशाला आनलेस?”

“पडली असती.”

“मंग?”

ओमकारनं फ्लेक्सकडे बघितलं. सोनेरी केसांची बाई कारंज्याजवळून निवांत चालली होती. त्यानं ठोकळ्यावरचा पाय काढला, ठोकळा सरकला, तसा त्यानं तो परत ठेवला.

“बाईक होती,” तो म्हणाला. पण आवाजात दम नव्हता.

दामूंनी खांबाआडून मान वळवली.

“लडकूशेठ,” ते म्हणाले, “तुमी जेवून जा.”

बाजारपेठेत दामू हरडांकडून कोणी नकार ऐकलेला नव्हता. उधारी बंद करायची असली, भाव पाडायचा नसला, सोयरिक जमवायची नसली, तरी ते जेवून जा म्हणत. लडकूशेठ याच बाजारपेठेत लहानाचे मोठे झाले होते. त्यांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि विचारलं, “काय केलंय?”

“वालाचं बिरडं,” चंद्रकला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, “आनि मला छप्पर पायजे. जुनं म्हना, नवं म्हना. पातेली परत मांडनार नाय मी.”

“काकी, यादीत गेलं की दुरुस्तीला मदत मिळते,” नम्रता घाईनं म्हणाली. “कौलं पूर्वीसारखीच लागतील, पण…”

“गळनार नाय ना?”

“नाही.”

“मंग पूर्वीसारखी लाव नायतर पूर्वीच्या पूर्वीसारखी लाव. पावसाच्या आत लाव.”

“आनि नम्रता,” दामू म्हणाले, “तुझ्या साहेबांना खांब फिरतो ते सांगू नको.”

“काका, ते लिहावंच लागेल.”

“लिही. पन बारीक अक्षरात लिही.”

पाचर आत्यानं मारली. स्टूल साईनाथनं धरलं, हातोडा भगीरथनं दिला. तिसऱ्या ठोक्याला ती घट्ट बसली, पण दामूंनी खात्री होईपर्यंत खांब सोडला नाही आणि सोडल्यावर हात खाली येईनात म्हणून ते जेवायला बसेपर्यंत तसेच, कोणाला तरी भेटायला निघाल्यासारखे, पुढं पसरून वावरत होते. पंक्तीला लडकूशेठ होते, भगीरथ होता, गॅरेजची माणसं होती आणि पासपोर्टवाला इसमही होता. त्याचा फोटो जेवणानंतर निघाला. त्यात तो जरा सुस्त आला, पण त्यानं तक्रार केली नाही. लडकूशेठनी दोनदा बिरडं मागून घेतलं आणि जाताना फ्लेक्स इथंच राहू दे म्हणाले, पावसात कशावर तरी घालता येईल. दामूंनी तो हातानं चाचपून बघितला आणि माल हलका आहे असं सांगितलं.

उन्हं कलल्यावर टेम्पो निघाला. रिकामा पेंढा तसाच होता. आत्या ड्रायव्हरशेजारी चढून बसली. दामू टेम्पोच्या दाराला हात लावून उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे दिसत होतं, आणि ते काय असतं हे त्यांना स्वतःला माहीत नसावं हेही दिसत होतं. ते आधी टायरकडे बघून हवा कमी आहे म्हणाले. मग धसईचा रस्ता खराब आहे म्हणाले. भगीरथनं दोन्ही गोष्टी मान्य केल्या.

“परवा येते,” आत्या म्हणाली.

दामूंनी मनातल्या मनात पंचांग चाळलं. सण नव्हता, श्राद्ध नव्हतं, कोणाची हळद नव्हती.

“परवा काय हाय?”

“काय नाय.”

दामूंनी टेम्पोचं दार एकदा ढकलून नीट लागलंय का ते बघितलं.

“बरं,” ते म्हणाले. “ये.”